हँडलचं रबर, आजीवन वॉरंटी आणि फुकट डिलिव्हरीसाठी घेतलेले इनसोल

कॅम्पिंगच्या भांड्यांच्या सेटमधल्या एका हँडलचं रबर जळलं, म्हणून मी कंपनीकडे तक्रार केली होती. परवा तिचं शेवटचं उत्तर आलं. भांड्याला आजीवन वॉरंटी आहे, पण हँडलवरचं सिलिकॉनचं आवरण हा 'झिजणारा भाग' असल्याने ते वॉरंटीत बसत नाही. शिवाय ते 'चुकीच्या वापरामुळे वितळलं' आहे. या एका वाक्यासाठी हा अनुभव लिहायला घेतलाय. सेटमध्ये काय येतं, वजन किती, मापं काय, हे सगळीकडे सापडेल, मी पुन्हा उतरवत नाही. नेहमीचाच कॅम्पिंग सेट: एकात एक बसणारी दोन हार्ड अॅनोडाइज्ड (म्हणजे वर कडक संरक्षक थर चढवलेल्या अॅल्युमिनियमची) पातेली, झाकण म्हणूनही चालणारा नॉनस्टिक फ्राय पॅन, आणि भरीला प्लॅस्टिकच्या वाट्या, घडीचा डाव, स्पंज.

आधी त्या वितळण्याचं बघू. सिलिकॉन रबर वितळत नाही. साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत ते आरामात टिकतं. त्याहून बरंच जास्त आणि वारंवार तापलं की कडक होतं, त्याला भेगा पडतात, आणि थेट ज्योतीत जळलं तर पांढरी भुकटी उरते, ती सिलिकाची. माझ्या हँडलचं नेमकं हेच झालंय. पातेल्याकडचं टोक पांढुरकं पडलंय, चिरलंय, नखाने खरवडलं की पीठ पडतं. मी फोटो पाठवले, त्यांनी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ पाठवला, त्यांनी बिल मागितलं. बिल पाठवलं, तर पातेल्याच्या बुडाचा फोटो मागितला. बुडाचा आणि हँडलचा काय संबंध, हे विचारत न बसता तोही पाठवला. आणि एवढं सगळं बघून निदान काय, तर 'वितळलं'. मी कळवलं की सिलिकॉन असेल तर ते वितळणार नाही, आणि खरंच वितळलं असेल तर खोक्यावर सिलिकॉन कशाला छापलंत? यावर उत्तर म्हणून नव्या सेटवर सवलतीचं कूपन आलं.

बोटभर रबरासाठी अख्खा सेट घ्यायचा! आवरणं सुटी विकत द्या म्हटलं, तर सुटे भाग आम्ही विकत नाही. मग आजीवन वॉरंटी नक्की कशाची? अॅल्युमिनियमच्या पातेल्याचं एरवी काय बिघडणार असतं? ते बुडाशी चेपतं, आणि चेपलेलं वॉरंटीत नाहीच.

ते कशामुळे जळलं, ते सांगते, कारण तुमच्याकडेही असली तारेची घडीची हँडलं असतील तर आज ना उद्या हे होणार. कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या छोट्या डब्यावर, बसणाऱ्या स्टोव्हची ज्योत मोठी केली की ती लहान पातेल्याच्या बुडाबाहेर पसरते आणि कडेने वर चढते. त्यात वारा असेल तर सगळी एका बाजूला कलते, आणि हँडल नेमकं त्याच बाजूला असलं की संपलं. उपाय दोन. हँडल वारा येतो त्या बाजूला ठेवा, म्हणजे ज्योत त्याच्यापासून लांब कलेल. आणि गॅस मध्यम ठेवा. माहितीपत्रकातही 'मध्यम आच' असं लिहिलंय, त्याच ओळीच्या आधारे मला चुकीचा वापर चिकटवला गेला. पण उघड्यावर वारा मध्यम ठेवण्याची सोय माझ्याकडे नाही, आणि भांडं विकलं जातंय ते उघड्यावर वापरायलाच.

वाऱ्याला आडोसा करा, असं सगळे सांगतात. करा, पण स्टोव्ह थेट कॅनिस्टरवर बसत असेल तर पत्र्याने चारी बाजूंनी वेढू नका, कॅनिस्टर तापतो आणि मग प्रश्न रबराचा राहत नाही. आडोसा म्हणून तंबूत घेऊन पेटवणं तर नकोच. ज्योतीतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मध्यम आचेचा सल्ला मात्र मी आता स्वतःच्या कारणासाठी पाळते. गॅस वाचतो. हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. बाटलीतल्या गॅसच्या एका ग्रॅममधून ४५ किलोज्यूलच्या आसपास मिळते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात गेली तर सात-साडेसात ग्रॅम पुरावेत. निम्मीच गेली तर १५ ग्रॅम. २३० ग्रॅमच्या कॅनिस्टरमध्ये निम्म्या हिशेबाने १५ लिटर पाणी उकळतं. कडेने वर चढून माझं हँडल जाळणारी जी ज्योत होती, ती याच बेरजेतली वाया गेलेली बाजू. मोठ्या आचेवर पाणी लवकर उकळतं खरं, पण गॅस जास्त खाऊन. घाई नसताना ती मिनिटं वाचवून करायचं काय? निघण्याआधी आणि आल्यावर कॅनिस्टर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची सवय लावा, मग किती गॅस उरलाय ते कळतं आणि अर्धे भरलेले कॅनिस्टर कपाटात साठत नाहीत.

आता सेटबद्दल. सुरुवातीला मला वाटलं होतं की मोठं पातेलं कामाचं आणि धाकटं उगाच. वापरात उलट निघालं. दोघांपुरतं पाणी, सूप, ओट्स सगळं धाकट्यात होतं, आणि लहान कॅनिस्टर, स्टोव्ह आणि लायटर त्याच्या पोटात मावतात. मोठं आता फक्त चौघं असलो तर येतं. बुडाचं माप मात्र घेण्याआधी बघा. रुंद, बसकं पातेलं ज्योत जास्त पकडतं. उंच आणि अरुंद पातेलं पिशवीत छान बसतं, पण गॅस खातं आणि डगमगतंही. माझ्या सेटमध्ये हे दोन्ही अर्धं अर्धं आहे.

फ्राय पॅनवर मी फारसं बोलणार नाही. पातळ पत्रा, छोटा बर्नर, मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. नॉनस्टिकचा थर २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि एवढा पातळ पॅन रिकामा ठेवला तर तिथे पोचायला वेळ लागत नाही. मी त्याचं झाकण केलंय. प्लॅस्टिकच्या वाट्या घरी मिसळणाच्या डब्यात रुजू झाल्यात.

टायटॅनियम घ्यायला हवं होतं, असं सांगणारे भेटतातच. वजनाला हलकं आहे, मान्य. पण अॅल्युमिनियम त्याच्या साधारण दहापट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे टायटॅनियममध्ये पाणी उकळण्यापलीकडे काही शिजवायचं म्हटलं की ज्योतीवरचा भाग करपतो. फक्त पाणी तापवून पाकिटं ओतणाऱ्यांना ते योग्य. मी ढवळत बसणारी आहे. पातेल्याच्या धातूबद्दल माझी तक्रार नाहीच. हार्ड अॅनोडाइज्ड थर अजून जसाच्या तसा आहे, चमच्याचे ओरखडेही नाहीत. फक्त डिशवॉशरमध्ये घालू नका, त्यातली पावडर अल्कधर्मी असते आणि तो थर खाते.

हँडलचा निकाल मी लावला. तारेची दोन टोकं दाबून ती खाचांतून काढून टाकली आणि घरातली जुनी सांडशी सोबत घेतली. ती काठाला घट्ट बसते, आचेपासून लांब राहते, आणि दोन्ही पातेल्यांना एकच पुरते. भरलेलं पातेलं उचलताना एका बाजूला ताण येतो, म्हणून काठोकाठ भरत नाही. या सांडशीला वॉरंटी नव्हती आणि लागलीही नाही.

आता इनसोल, म्हणजे बुटात पायाखाली घालायचा सुटा तळवा. हे मी घेणारच नव्हते. कार्टमध्ये फुकट डिलिव्हरीला थोडी रक्कम कमी पडत होती, म्हणून आधाराचे म्हणतात ते कडक इनसोल टाकले. बुटात आधीच एक असताना वर पैसे घालून दुसरा कशाला, हे माझं मत, आणि पहिले काही दिवस ते पक्कं होत गेलं. तळपायाच्या कमानीखाली आतून कुणीतरी अंगठा रुतवून धरलाय असं वाटायचं. परत करायला खोकंही शोधलं. तेवढ्यात पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं: सुरुवातीला दिवसाचे एक-दोन तासच घाला, हळूहळू वाढवा. तसं केलं, आणि मग पाठीवर पूर्ण वजन घेऊन लांब चालीला गेले, तेव्हा मत फिरलं. एरवी संध्याकाळी टाचेच्या आतल्या बाजूला जो ठणका लागायचा, सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागायची, ते जवळपास बंद झालं. सगळं श्रेय इनसोलला देत नाही, मधल्या काळात पोटऱ्यांचा ताण काढायचे व्यायामही सुरू केले होते. पण बुटातला मूळ इनसोल काढून हातात धरा. तो फोमचा पातळ तुकडा कागदासारखा दुमडतो. तो कसला आधार देणार?

घेताना फक्त बुटाचा नंबर बघू नका. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर जुळलं पाहिजे, नाहीतर कमानीचा उंचवटा भलत्याच जागी येतो आणि तो कापून दुरुस्त होत नाही. कापायचा असतो तो फक्त बोटांकडचा भाग. मूळ इनसोल वर ठेवून, टाचा जुळवून रेघ मारा आणि रेघेच्या जरा बाहेरून कापा. बसला नाही तर पुन्हा कापता येतं. मूळ इनसोलवर नवा ठेवायचा मोह टाळा. टाच वर उचलली जाते, बुटात सरकते आणि फोड येतात. एकटा नवाही जाडच असतो, म्हणून लेस पुन्हा बांधायला शिकावं लागलं, वरून पाय आवळला जात होता.

आवाजाबद्दलही सांगते. आर्द्रतेत कडक प्लॅस्टिकची पट्टी बुटाच्या तळावर घासते आणि प्रत्येक पावलाला कुईकुई. सोबतचा माणूस आधी हसतो, मग वैतागतो. खाली टाल्कम पावडर टाकली की थांबतं, पाय भिजले की पुन्हा सुरू. टाचेखाली कापडी टेपची पट्टी चिकटवली, ती जास्त टिकली.

पायाचा साचा घेऊन बनवलेले महागडे इनसोल घ्या, असं मला दोघांनी सुचवलं. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीत, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, तयार आणि साच्यातून बनवलेले इनसोल जवळपास सारखेच ठरले होते. फायदा झाला तोही माफक आणि सुरुवातीच्या महिन्यांतला. एवढ्यावर मी तरी जास्त पैसे घालणार नाही. पायात बधिरपणा किंवा मुंग्या असतील, मधुमेह असेल, तर मात्र दुकानात नाही, डॉक्टरकडे जा.

रात्री इनसोल बुटातून काढून ठेवते, दोन्ही लवकर वाळतात. शेकोटीजवळ नाही, प्लॅस्टिक वाकतं. सध्या डाव्याच्या टाचेखालचा फोम बसायला लागलाय. अंगठ्याने दाबला की खड्डा तसाच राहतो, उजव्याचा लगेच वर येतो. एकटा डावा मिळेल का, असं विचारणारा मेल त्या कंपनीला पाठवलाय. त्यांनी बुटाच्या तळाचा फोटो मागितलाय.