बॉयलर सांगून लेअरचे नर दिले: घरी शंभर पिल्लं पाळायच्या आधी हे वाचा

38,600 रुपये. घराच्या मागच्या मोकळ्या जागेत शंभर बॉयलर पाळा, 42 व्या दिवशी दोन-दोन किलोच्या कोंबड्या आम्ही दारातून उचलू, जिवंत वजनावर किलोला 150 रुपये रोख देऊ, असं सांगून नागपुरात वर्धा रोडवर ऑफिस थाटलेल्या एका माणसानं आमच्याकडून एवढी रक्कम घेतली. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार अजून चालू आहे. तसंही त्या शटरवर आता दुसरी पाटी लागली आहे.

हिशेब असा. नोंदणी 2,500. शंभर पिल्लं 58 रुपयांप्रमाणे 5,800. खाद्याची सात पोती 2,150 प्रमाणे 15,050. ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी बल्बची टोपी), भांडी, चिक गार्ड (पिल्लांभोवतीचं पत्र्याचं कडं) मिळून 6,850. औषधं आणि लसी 2,400. परत खरेदीची अनामत 6,000. यातली छापील पावती फक्त 8,300 ची, म्हणजे नोंदणी आणि पिल्लांची. बाकी 30,300 रुपये यूपीआयनं एका खासगी खात्यावर मागून घेतले, 'जीएसटी वाचतो' म्हणून. पावती आणि पैसे यांच्यात एवढी तफावत का ठेवली, ते पोलीस ठाण्यात गेल्यावर समजलं.

बायबॅकच्या, म्हणजे परत खरेदीच्या नावाखाली काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2019 चा सांगलीकडचा कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा महाराष्ट्रात कुणी विसरलेलं नाही. म्हणूनच 500 च्या स्टँप पेपरवर करारनामा मागितला, ऑफिस पाहिलं, आधी माल दिलेल्या दोघांशी फोनवर बोलणं केलं. ते दोघे त्याचेच होते हे कळायला मार्ग नव्हता. साधा माणूस जेवढी चौकशी करू शकतो तेवढी झाली होती. आणि इथे फसवणूक कागदात नव्हतीच, ती पक्ष्यात होती.

अंड्यांच्या जातीच्या, म्हणजे लेअरच्या हॅचरीत (अंडी उबवणी केंद्रात) निम्मी पिल्लं नर निघतात. ते अंडी देत नाहीत आणि अंगानं भरतही नाहीत, म्हणून हॅचरीला त्यांची किंमत नसते. काही रुपयांत ती कुणालाही मिळतात. पांढऱ्या लेअरचं एक दिवसाचं नर पिल्लू पिवळंच असतं, बॉयलरचंही पिवळंच. बॉयलरचं पिल्लू 40 ते 45 ग्रॅम भरतं, हे चार-सहा ग्रॅमनं कमी. पहिल्यांदा पाळणाऱ्याला हा फरक हातात घेऊन कळणं शक्य नाही आणि या माणसाचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

आता तो करारनामा पुन्हा वाचा. '42 व्या दिवशी सरासरी वजन दोन किलो आणि मरतूक पाच टक्क्यांच्या आत असल्यासच खरेदी बंधनकारक.' वाचताना अट रास्त वाटते, कारण चांगल्या बॉयलरला 35 ते 38 दिवसांत दोन किलो होणं अवघड नाही. लेअरचा नर मात्र सहा आठवड्यांत अर्ध्या किलोच्या आसपास थांबतो. तुम्ही सोन्याचं खाद्य घाला, तो दोन किलो होणार नाही. म्हणजे खरेदी कधीच करावी लागणार नाही, अनामत कधीच परत द्यावी लागणार नाही, आणि दोष पाळणाऱ्याचा. पिल्लं डब्यात भरतानाच ही तजवीज झालेली असते.

खोकीही बघण्यासारखी होती. हॅचरीतून येणाऱ्या खोक्यावर नाव, जात, तारीख असते आणि शंभराला दोन पिल्लं वर मिळतात. या खोक्यांवरचं स्टिकर खरवडून काढलेलं, डिंकाचा चौकोन तेवढा राहिलेला, आत मोजून शंभर पिल्लं. विचारलं तर उत्तर तयार होतं: 'डीलर पॅकिंग आहे.'

सातवा दिवस. सगळ्यात जास्त चीड या दिवसाची येते. बॉयलरचं पिल्लू पहिल्या सात दिवसांत आपल्या वजनाच्या चौपट होतं, 160 ते 180 ग्रॅम. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा पिल्लं एकत्र ठेवली तेव्हा आकडा आला 640. एका पिल्लाला 64 ग्रॅम. पंखांची पिसं मात्र शेपटीपर्यंत आलेली, पाय बारीक आणि लांब, आणि चिक गार्डच्या पत्र्यावरून उडी मारून बाहेर. सात दिवसांचं बॉयलर असं उडत नाही, ते खातं आणि बसतं. सगळ्या खुणा एका टोपल्यात समोर होत्या. फोटो पाठवले, फोन केला. तो म्हणाला, 'एप्रिलचं ऊन आहे, नागपूरला पहिला आठवडा असाच जातो, लिव्हर टॉनिक दुप्पट करा, तिसऱ्या आठवड्यात उसळी मारतील.' नागपूरच्या उन्हाचं कारण कुणालाही पटतं, कारण ऊन खरोखरच पक्षी मारतं. पण ते मारतं चौथ्या आठवड्यानंतर, अंगानं भरलेल्या पक्ष्यांना. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंश उष्णता लागतेच. हे त्याला माहीत होतं, समोरच्याला माहीत नाही हेही माहीत होतं.

म्हणून हे आकडे भिंतीवर लावा. सात दिवसांना 160 ते 180 ग्रॅम. चौदा दिवसांना सव्वाचारशेच्या आसपास. एकविसाव्या दिवशी 800 ते 850. अठ्ठाविसाव्याला 1,300. दहा-पंधरा टक्के कमी आलं तर खाद्य, उष्णता किंवा आजार तपासा. अर्ध्याहून कमी आलं तर ती जातच वेगळी आहे. उसळी वगैरे काही नसते.

सामानाचं तर बोलायलाच नको. 'ब्रूडर' म्हणून आलेल्या पत्र्याच्या टोपीत 9 वॅटचा एलईडी बल्ब होता. एलईडी उष्णता देत नाही. पिल्लामागे किमान एक ते दोन वॅट धरतात, तेही पिवळ्या जुन्या बल्बचे. शंभर पिल्लांना शंभर वॅटचे दोन बल्ब, चिक गार्डचा पाच फूट व्यासाचा गोल, खाली दोन-तीन इंच धानाचं तूस आणि पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोच उघडी ठेवत असतील तर उष्णता जास्त. थर्मामीटरपेक्षा हे बघा. आलेल्या रात्री पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी चाचपा: भरलेली आणि मऊ हवी. रिकामी असेल तर पिल्लानं पाणी आणि दाणा शोधलेलाच नाही. त्या पहिल्या रात्रीच्या गारठ्यात आमची पाच पिल्लं गेली आणि पाच टक्क्यांची अट तिथेच संपली.

लस साध्या पिशवीत, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगत आली. लासोटा 2 ते 8 अंशांत राहिली नाही तर बाटलीत फक्त पाणी उरतं. मानमोडीसाठी (राणीखेत रोगासाठी) ती पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब, गंबोरो रोगाची लस बाराव्या ते चौदाव्या दिवशी, लासोटा पुन्हा पक्षी तीन-चार आठवड्यांचे झाल्यावर. बाटली फोडली की दोन तासांत संपवायची. पाण्यातून देणार असाल तर महापालिकेच्या नळाचं पाणी चालत नाही, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं किंवा बोअरचं घ्या, लिटरला पाच ग्रॅम स्किम मिल्क पावडर टाका.

खाद्याच्या पोत्यांवर हातशिलाई होती. कंपनीच्या पोत्याला मशीनची शिलाई आणि तिच्यात अडकवलेलं लेबल असतं, त्यावर प्रथिनं, तारीख, बॅच. इथे 50 किलोचं सांगून प्रत्येक पोतं 46 किलोचं. प्रीस्टार्टर, स्टार्टर, फिनिशर (वयानुसार द्यायची तीन खाद्यं) अशी मार्करनं नावं आणि तिन्हींत एकच दळ. प्रीस्टार्टर बारीक चुरा असतो, फिनिशरची गोळी असते, हे डोळ्यांनी दिसतं. मुख्य गोष्ट पुढे आहे. शंभर बॉयलर दोन किलोपर्यंत सुमारे साडेतीनशे किलो खाद्य खातात. या पक्ष्यांनी तीन पोतीही संपवली नाहीत. आणि 42 व्या दिवशी पिल्लं विकणारे 'साहेब' आले तेव्हा उरलेल्या चार भरल्या पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, 'खायलाच घातलं नाही तर वजन कसं येणार?' त्याचा फोटोही काढून नेला. तोच फोटो त्यांनी पुढे पोलिसांना दाखवला.

91 पक्षी उरले, सरासरी 480 ग्रॅम, डोक्यावर लाल तुरे, दोन-चार तर आरवायला लागलेले. सहा आठवड्यांचं बॉयलर आरवत नाही. बाजारातल्या चिकनवाल्यानं एका नजरेत सांगितलं, 'हे लेअरचे नर आहेत, गावरान म्हणून खपवतात.' त्यानं नगाला 70 दिले, 6,370 झाले. पोती 800 नं गेली, 3,200. निव्वळ खड्डा 29,030 रुपयांचा. वीज, तूस, मेहनत वेगळी.

आता दाद मागायची कुठे? पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: 'करार केला आहे ना, मग दिवाणी कोर्टात जा.' पावती 8,300 ची, मग 38,600 कुठून आले? यूपीआयचा उतारा दाखवला तर 'पैसे तुम्हीच पाठवलेत, कुणी हॅक केले नाहीत, सायबरवाले घेणार नाहीत.' सायबरवाल्यांनी खरंच घेतलं नाही, परत ठाण्यात पाठवलं. ठाण्यानं ऑफिसचा पत्ता दुसऱ्या हद्दीत आहे म्हणून तिकडे पाठवलं, तिथे म्हणे पक्षी तुमच्याकडे पाळले, गुन्हा तिकडेच घडला. एका हवालदारानं तर विचारलं, 'कोंबड्या खाल्ल्या असतील ना थोड्या?' पशुसंवर्धनवाल्यांकडे एवढंच मागितलं होतं की हे पक्षी लेअर जातीचे नर आहेत असं दोन ओळींत लिहून द्या. तोंडानं सगळे सांगतात, 'हो, लेअरच आहेत, दिसतंच आहे.' कागदावर कुणी लिहीत नाही, कारण 'पिल्लं शासकीय योजनेतली नाहीत'. ज्या दोन ओळींवर अख्खी तक्रार उभी राहिली असती, त्या लिहायला सरकारी पगार घेणाऱ्या एकाही माणसाचं पेन उघडलं नाही. तोवर पक्षी विकावे लागले, रोज खाऊ घालणार कोण? पक्षी गेले तसा पुरावाही गेला. मग तेच विचारतात, पक्षी कुठे आहेत?

पोलीस नोंद घेत नसतील तर भांडत बसू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम 318(4) फसवणुकीचं आहे, दखलपात्र आहे. ठाण्यानं नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली तीच तक्रार पोस्टानं वरिष्ठांकडे, नागपूर शहरात उपायुक्तांकडे पाठवा, पोचपावती जपा, तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवा म्हणा. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन पैसे गेल्यावर काही तासांत केला तरच खातं गोठण्याची आशा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. 'हा तर धंदा, तुम्ही ग्राहक नाही' असं समोरचा वकील म्हणेल. फक्त स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी माल घेणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्याच व्याख्येत येतो.

खरी करार पद्धत कशी असते तेही लक्षात घ्या. इंटिग्रेशनवाली कंपनी पिल्लं, खाद्य, औषध स्वतःच्या खर्चानं देते. शेड, वीज, मजुरी तुमची. आणि किलोमागे पाळणावळ मिळते. अशी कंपनी हजारो पक्ष्यांच्या शेडकडे जाते, शंभर पिल्लांसाठी दारात येत नाही. पिल्लाचे आणि खाद्याचे पैसे तुमच्याकडूनच घेऊन वर खरेदीची हमी देणारा, तीही बाजाराच्या जिवंत भावाहून चढ्या दरानं, तो कोंबड्यांचा धंदा करतच नाही.

घरी पाळायचेच असतील तर पंचवीस पिल्लं घ्या, हॅचरीच्या चलनावर जात लिहून घ्या, कॉब 430 किंवा रॉस 308, जी असेल ती. पोती काट्यावर घालूनच सही करा. पक्ष्याला एक चौरस फूट, मार्च ते जून अजिबात नको.

आणि कुणाकडे आत्ता अशी पिल्लं सात-आठ दिवसांची असतील तर आजच दहा पिल्लं काट्यावर ठेवा. काट्याचा आकडा, पिल्लांचे पाय आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र एकाच फोटोत घ्या, विकणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, लेखी उत्तर मागा, पुढचा हप्ता थांबवा. खासगी का होईना, एखाद्या पशुवैद्यकाकडून पक्षी जिवंत असतानाच जातीबद्दल लिहून घ्या. पक्षी विकल्यावर तो कागद मिळत नाही.