दोन लाखांची पार्किंग आणि हौदाचं झाकण

बीड बायपासला, खरं तर छत्रपती संभाजीनगरात कुठंही, फ्लॅट बघत असाल तर टोकन द्यायच्या आधी हे वाचा.

आमच्या बिल्डिंगचे तेव्हा नुसते कॉलम उभे होते. सेल्समन म्हणाला, "सर, फ्लॅटची रक्कम करारात येईल. कव्हर्ड पार्किंगचे दोन लाख वेगळे, कॅश. सगळेच देतात." बदल्यात बिल्डरच्या लेटरहेडवर एक पत्र मिळालं: पार्किंग क्र. 11. रकमेचा उल्लेख नाही.

ताबा मिळाल्यावर खाली गेलो, तर पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध हौदाचं लोखंडी झाकण! आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात तर अख्खी बिल्डिंग टँकरवर. टँकर आला की खालून हाक येते, "साहेब, गाडी काढताव का?" गाडी हलल्याशिवाय झाकण उघडत नाही आणि झाकण उघडल्याशिवाय पाईप आत जात नाही. मग रात्रीचे अकरा असोत की घरी पाव्हणे जेवायला बसलेले असोत, किल्ली घेऊन पळा. कॉलममुळं ड्रायव्हरच्या बाजूचं दार अर्धंच उघडतं, ते वेगळंच.

शेवटी महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची नक्कल काढली. त्यात 11 नंबरच्या जागी पार्किंगच नाही. हौद आहे आणि गाड्या वळवायची वाट आहे. नकाशात आहेत त्यापेक्षा जास्त नंबर बिल्डरनं फरशीवर रंगवलेत. विचारलं तर म्हणतो, "कसले दोन लाख? करारात दाखवा ना." करारात पार्किंगचं नाव नाही, इंडेक्स टूमध्येही (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यातही) नाही.

तेव्हा मंजूर नकाशा आधी मागा. प्रकल्प महारेराकडं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडं, नोंदलेला असेल तर नकाशा त्यांच्या साइटवरही पाहता येतो. उघडी पार्किंग बिल्डरला विकताच येत नाही. 2016 च्या रेरा कायद्यात ती सामायिक जागेत धरली आहे. कव्हर्ड पार्किंग घेत असाल तर तिचा नंबर, लांबी-रुंदी-उंची आणि नेमकी जागा करारातच लिहून घ्या. महारेरानं 2024 मध्ये बिल्डरांना तसा आदेशच दिलाय. 'नंतर अ‍ॅडजस्ट करू' हे ऐकून घेऊ नका. जागेवर टेप लावा, वर बीम किती खाली आलाय तेही बघा. आणि पैसे बँकेतूनच द्या. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, हे बिल्डरला चांगलं ठाऊक असतं.

मध्यंतरी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला होता, "ते जुनं पत्र आणून द्या, नवीन फॉरमॅटमध्ये बदलून देतो." ते दिलं नाही. महारेराकडं तक्रारीची तयारी चाललीय, आणि वकील म्हणतात, दाखवायला आपल्याकडं तेवढा एकच कागद आहे.