नौपाड्यातला इंग्रजी संभाषणाचा वर्ग: तीन महिन्यांनंतर

गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर. शनिवार-रविवार दीड तास, महिन्याला 2,500 रुपये. पुस्तकाचे 400 वेगळे, हे मात्र पैसे भरल्यावर कळतं.

माझ्या शेजारी कोलंबियाची एक बाई बसते, नवऱ्याच्या नोकरीमुळे घोडबंदरला राहणारी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘आय हॅव हंगर.’ बॅच हसली. मॅडम हसल्या नाहीत. तिच्याकडूनच फळ्यावर ‘तेंगो आंब्रे’ लिहून घेतलं. स्पॅनिशमध्ये भूक, तहान, झोप, अगदी वयसुद्धा माणसाजवळ ‘असतं’. मग मला विचारलं, “काका, तुम्हाला भूक काय होते?” म्हटलं, लागते. “मग म्हणा, हंगर टच्ड मी!” त्यानंतर कोणी हसलं नाही.

‘आय लाइक’ला तिची गाडी पुन्हा अडली. ‘कॉफी लाइक्स मी’ म्हणायची. तिकडे ‘मे गुस्ता एल काफे’, आणि अनेकवचन आलं की ‘गुस्तान’. म्हणजे थेट आपलंच: मला आंबा आवडतो, आंबे आवडतात! क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. पन्नाशीत मराठीचं व्याकरण असं कळलं, तेही इंग्रजीच्या क्लासात.

तक्रारी? दहाची बॅच सांगून अठरा जण कोंबलेत. उच्चारांवर मेहनत जवळपास नाही. स्कूटर लावायचं तर विचारूच नका.

तरी पुढच्या महिन्याचे पैसे भरलेत. गेल्या रविवारी कोलंबियाच्या बाईंनी ‘आय ॲम सो हंग्री’ म्हणत माझ्या डब्यातली दोन थालीपीठं संपवली.