आईचं बक्षीसपत्र करून देणाऱ्या वकीलबाई: पाचपैकी चार तारे

आईला साताऱ्यातलं घर तिच्या हयातीत माझ्या नावावर करायचं होतं. भावाची हरकत नव्हती, उलट घाई त्यालाच. पोवई नाक्याजवळ दस्ताची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो, त्यांच्याबद्दल लिहिते.

पहिल्याच भेटीत बाईंनी मला बाहेर बसवलं आणि आईशी एकटीशी बोलल्या. मला राग आला, खोटं का बोलू! आत विचारलं काय, तर "काकू, बक्षीस दिलेलं घर मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, माहितीये ना? मृत्युपत्र केलंत तर कधीही बदलता येतं." आई म्हणाली, "मला डोळ्यांदेखत द्यायचंय."

मग त्यांनी दस्तात दोन गोष्टी घातल्या. आईला तहहयात त्या घरात राहण्याचा हक्क, आणि मी तिचा सांभाळ करायचा ही अट. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 मुळे, अशी अट असूनही मुलांनी सांभाळलं नाही तर हस्तांतरण रद्द करून मागता येतं. कचेरीबाहेरच्या एका एजंटाने आधी जो छापील मसुदा दाखवला होता, त्यात यातलं अक्षर नव्हतं. आई ऐकून खूश. "लिहा, लिहा. पोरगी चांगली आहे, पण जावयाचं काय सांगावं?" जावई शेजारीच बसले होते.

घर नगर भूमापन हद्दीत, त्यामुळे सातबारा नाही, मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा. जुन्या खरेदीखतात क्षेत्र चौरस फुटांत, पत्रिकेवर चौरस मीटरमध्ये; बाईंनी दोन्ही जुळवून पाहिलं. चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय आहे ते, तर जागेवर येऊन तपासल्या. पूर्वेच्या शेजाऱ्यांनी घर कधीच विकलंय, नुसतं जुन्या दस्तावरून उतरवलं असतं तर त्यांचंच नाव पुन्हा छापलं गेलं असतं.

खर्चाचं आधीच कागदावर लिहून दिलं. आईने मुलीला राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये, पण नगरपालिका हद्दीत बाजारमूल्याच्या एक टक्का अधिभार वेगळा. 'फक्त दोनशे रुपयांत घर नावावर' असे मेसेज फिरतात ना, त्यात हा एक टक्का कुणी लिहीत नाही.

नोंदणीला दोन साक्षीदार, फोटो, अंगठे. आईचे अंगठे भांडी घासून झिजलेले, मशीनवर ठसा उमटेना. बाईंच्या पिशवीत ओला रुमाल तयारच होता. सही करण्याआधी त्यांनी अख्खा दस्त आईला मोठ्याने वाचून दाखवला, मागे रांग कुरकुरत असताना.

सूची दोन, म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा, हातात आली की आपल्याला वाटतं झालं काम. बाईंनी त्याच आठवड्यात मिळकत पत्रिकेवर फेरफारासाठी, म्हणजे मालकाचं नाव बदलण्यासाठी, अर्ज करायला लावला, मग नगरपालिकेत घरपट्टीवर नाव. पत्रिकेवर माझं नाव चढल्यावरच उरलेली फी घेतली.

एक तारा का कापला? ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला दर जिन्यावर थांबावं लागलं. फोन संध्याकाळी सहाच्या आत उचलत नाहीत. टायपिंग-झेरॉक्सचे पैसे वेगळे आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. बिल्डरचे करारनामे त्या घेत नाहीत, त्यासाठी जाऊ नका. म्हातारं माणूस सोबत असेल तर आधी फोन करून सांगा, त्या घरी येतात. हे आम्हाला शेवटी कळलं.