चीनमधल्या संयुक्त पदवी-कार्यक्रमात इंग्रजी शिकवण्याची नोकरी : कोणती घ्यावी, कोणती सोडावी

जाहिरातीचा मजकूर बहुतेक वेळा एकच असतो: चीनमध्ये ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन विद्यापीठाच्या पदवीसाठी इंग्रजीचे शिक्षक हवेत. त्यामागच्या नोकऱ्या मात्र तीन तऱ्हांच्या असतात. परदेशी विद्यापीठांसोबत शाळा-कॉलेजं चालवण्याचे चिनी नियम १ सप्टेंबर २००३ला लागू झाले. पहिली तऱ्हा म्हणजे संपूर्ण वेगळं विद्यापीठ, उदाहरणार्थ निंगबोमधलं नॉटिंगहॅम (२००४) किंवा सुचौमधलं शिआन जिआओतोंग-लिव्हरपूल (२००६). दुसरी तऱ्हा म्हणजे चिनी विद्यापीठाच्या आवारातलं संयुक्त कॉलेज. तिसरी म्हणजे एखाद्याच विषयाचा, समजा लेखाशास्त्राचा किंवा मेकॅनिकलचा, संयुक्त कार्यक्रम. सर्वात जास्त जागा या तिसऱ्या तऱ्हेत निघतात आणि फसगतही तिथेच जास्त होते.

आमचं मत आधीच सांगतो. पहिल्या तऱ्हेची नोकरी मिळत असेल तर घ्या. तिसऱ्या तऱ्हेची घेण्याआधी एक प्रश्न विचारा: विद्यार्थ्याचा शेवटचा गुण कोण ठरवतं? परदेशी विद्यापीठाचं परीक्षा मंडळ ठरवत असेल तर काम कष्टाचं असतं, पण सरळ असतं. चिनी कॉलेजचं कार्यालय ठरवत असेल तर तुमच्या गुणपत्रकाचं पुढे काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

गुणांचा घोळ नीट समजून घ्यायला हवा. ब्रिटिश मापात ४०ला पास आणि ७०ला प्रथम वर्ग. चिनी मापात ६०ला पास. ब्रिटिश पद्धतीने ६२ म्हणजे चांगला निबंध, पण तोच आकडा चिनी गुणपत्रकात गेला की घरच्यांना वाटतं, मुलगा जेमतेम सुटला. ५५ मिळवणारा विद्यार्थी एका कागदावर पास आणि दुसऱ्यावर नापास होतो. नीट चालणाऱ्या कार्यक्रमात रूपांतराचा तक्ता सत्राआधी छापलेला असतो. मुलाखतीत तो तक्ता मागा. ‘नंतर बघू’ असं उत्तर आलं, तर सत्राच्या शेवटी सगळ्यांचे गुण वाढवून द्या असा निरोप येणार हे धरून चाला.

करारात आठवड्याला १६ तासिका लिहिलेल्या असतात. एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे हे १२ तास झाले. खरा भार तपासणीचा. २५ जणांचे ४ वर्ग असले तर १०० निबंध. १००० शब्दांच्या निबंधाला शेरा लिहून २० मिनिटं धरली तर एका फेरीला ३३ तास लागतात, आणि सत्रात मसुदा आणि अंतिम प्रत अशा दोन फेऱ्या असतात. तेव्हा तासिकांपेक्षा एकूण विद्यार्थी किती, हा आकडा करारात लिहून घ्या. तो १००च्या वर जात असेल तर एक फेरी तोंडी ठेवायची मुभा मागा.

वेळापत्रकही कागदावर असतं तसं राहत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांचे सुरुवातीचे किमान दोन आठवडे लष्करी प्रशिक्षणात जातात. मग १ ऑक्टोबरची मोठी सुट्टी येते आणि तिची भरपाई म्हणून शनिवार-रविवारी तास लागतात. त्यातच परदेशातले प्राध्यापक दोन आठवड्यांसाठी विमानाने येऊन आपला अख्खा विषय उरकतात, आणि त्यांना जागा करून द्यायला इंग्रजीचे तास हलवले जातात. ते येण्यामागे नियम आहे. परदेशी भागीदाराचे विषय एकूण विषयांच्या किमान एक तृतीयांश, आणि त्याच्या शिक्षकांनी शिकवलेले मुख्य विषय आणि तासही किमान एक तृतीयांश असावे लागतात. १६ आठवड्यांच्या सत्राचा अभ्यासक्रम १३ आठवड्यांचाच आखावा. पहिला मोठा गृहपाठ ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर द्यावा.

कार्यक्रम ४+० आहे की २+२, यावरून शिकवण्याचा रोख बदलतो. ४+०मध्ये चारही वर्षं चीनमध्येच, तेव्हा व्याख्यान ऐकून टिपणं काढणं आणि संदर्भ देऊन लिहिणं यावर भर देता येतो. २+२मध्ये तिसऱ्या वर्षी परदेशी जायचं, त्यासाठी बहुधा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत ६ किंवा ६.५ लागतात आणि सगळ्यांचा डोळा त्या आकड्यावर असतो. गाओकाओ या चीनच्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेतला इंग्रजीचा पेपर १५० गुणांचा असतो. त्यात १०० मिळवलेला आणि १४० मिळवलेला विद्यार्थी एकाच बाकावर सापडतात, कारण तुकड्या पातळीनुसार नव्हे तर विषयानुसार पडतात. पहिल्याच आठवड्यात स्वतः पातळी-चाचणी घ्या आणि निकाल कार्यालयाला लेखी कळवा, म्हणजे पुढे कोणाचा आयेल्ट्स अडला तर मूळ कुठे होतं ते कागदावर राहतं.

ही मुलं कष्टाळू असतात, व्याकरण पक्कं असतं, वाचन बरं असतं. अडतं ते बोलण्यात. सगळ्या वर्गाला प्रश्न टाकला तर शांतता मिळते. आधी दोघांना आपसात दोन मिनिटं बोलू द्या, मग नाव घेऊन विचारा, की उत्तर येतं. लेखनात चिनीत लिहून यंत्राने भाषांतर करण्याची सवय सर्रास आहे, आणि साम्य शोधणारं सॉफ्टवेअर ती पकडत नाही. उपाय साधा आहे: पहिला मसुदा वर्गात हाताने लिहून घ्यायचा, आणि जमा झालेल्या निबंधावर प्रत्येकाला पाच मिनिटं तोंडी विचारायचं. २५ जणांना १२५ मिनिटं, म्हणजे तीन तासिका पुरतात.

गूगल, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आहेत. काही विद्यापीठांत परदेशी संकेतस्थळांसाठी वेगळी जोडणी असते, छोट्या कार्यक्रमांत नसते. ऐकण्याच्या सरावाच्या ध्वनिफिती जाण्याआधीच उतरवून न्या. निरोप वीचॅट या चिनी अ‍ॅपवर आणि वर्गप्रमुखामार्फत जातात. ईमेल वाचला जाईल या भरवशावर राहू नका.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी खरी अडचण परवान्याची आहे. भाषा-शिक्षकाने ती भाषा मातृभाषा असलेल्या देशाचा नागरिक असावं, असा नियम आहे. अपवाद करायचा की नाही हे त्या शहराचं कार्यालय ठरवतं. म्हणून कामाच्या परवान्याचं अधिकृत सूचनापत्र हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका. झेड व्हिसा, म्हणजे कामासाठीचा व्हिसा, त्याच पत्रावर मिळतो. ‘आधी पर्यटक म्हणून या’ म्हणणाऱ्या एजंटाला तिथेच थांबवा. लेखाशास्त्र किंवा अभियांत्रिकी इंग्रजीतून शिकवणाऱ्यांना ही मातृभाषेची अट नाही, त्यामुळे दोन्ही येत असेल तर विषयाच्या जागेसाठीच अर्ज करावा.

कागदपत्रांत आणखी एक गोष्ट हमखास चुकते. अपोस्टील म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार कागद खरा असल्याचा एकच शिक्का, जो असला की वकिलातीचं प्रमाणीकरण लागत नाही. चीन ७ नोव्हेंबर २०२३पासून तो मानतो, पण भारत आणि चीन यांच्यात तो करार लागू नाही. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर नुसता अपोस्टीलचा शिक्का घेऊन गेलात तर कागद परत येतो. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात, हा क्रम पाळावा लागतो. पोलीस दाखल्यालाही परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलातीचं प्रमाणीकरण लागतं. पदवी ब्रिटनची असेल तर तिचं अपोस्टील ब्रिटनमधूनच करून घ्या, ते चालतं.