ड्रेनेज लाईनचा कॅमेरा: १४ महिने वापरल्यानंतर

पुण्यात सोसायट्यांच्या ड्रेनेज लाईनची कामं आम्ही बरीच वर्षं करतोय. लाईन तुंबली की आधी बांबूच्या खपच्च्या सारायच्या, नाही सुटली तर जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने लाईन धुणारी गाडी बोलवायची, आणि पुन्हा महिन्याभरात तीच तक्रार आली की अंदाजाने फरशी फोडायची. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हाताने ढकलायचा कॅमेरा घेतला. ६० मीटर केबल, पाईपात कसाही फिरला तरी चित्र सरळच दाखवणारं डोकं, त्यातच ५१२ हर्ट्झचा सिग्नल सोडणारा छोटा ट्रान्समीटर (त्याला ‘सोंड’ म्हणतात), आणि पेटीत स्क्रीन व रेकॉर्डिंग. किंमत दोन लाखांच्या आत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडतं.

पहिले दोन आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. तुंबलेल्या लाईनीत कॅमेरा घातला की काळा पडदा दिसायचा, बस्स. स्वयंपाकघराच्या लाईनीतला तेलकट थर काचेवर बसला की बाहेर काढून पुसल्याशिवाय इलाज नाही. आता क्रम पक्का आहे: आधी जेटिंग, मग थोडं स्वच्छ पाणी सोडायचं, मग कॅमेरा. आत घालण्याआधी काचेवर भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटाने पसरायचा. वाफ धरत नाही, तेल चिकटत नाही. हे कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हतं.

मीटरचा आकडा हा या यंत्राचा जीव आहे, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. एका सोसायटीच्या पार्किंगखालच्या ९ इंची स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) लाईनीत सांधा निखळलेला स्पष्ट दिसला. स्क्रीनवर १४.२ मीटर. टेपने मोजून पेव्हर उचलले, खणलं, तर खाली पाईप धडधाकट. मी आकडा शून्य केला होता चेंबरच्या झाकणापाशी, आणि चेंबर १.८ मीटर खोल. म्हणजे तुटलेली जागा १२.४ वर. तो खड्डा पदरच्या पैशाने भरून दिला. तेव्हापासून कॅमेऱ्याचं डोकं पाईपच्या तोंडाशी टेकल्याशिवाय शून्य करायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. केबल मळीने बुळबुळीत झाली की मोजणारं चाक घसरतं, म्हणून एक माणूस फडकं घेऊन केबल पुसतच असतो. आणि खणायच्या आधी वरून लोकेटर, म्हणजे सोंडचा सिग्नल पकडणारं यंत्र, फिरवून त्याची जागा खडूने आखायची. टेप आणि लोकेटर जुळले तरच पहार चालवायची. वर सळ्यांचा स्लॅब असेल तर लोकेटर भरकटतो, तिथे दोन-तीनदा फिरवून बघावं.

आमच्याकडचे मामा २२ वर्षं या कामात आहेत. खपच्ची हाताला कशी लागते यावरून आत काय आहे ते सांगतात. एका लाईनीत मी स्क्रीनवर बघून "मातीचा ढीग" असं नोंदवत होतो. मामा मागून वाकून बघत म्हणाले, "साहेब, ती माती न्हाई. कडेला केस बघा. मुळी हाय, सांध्यातनं आलीय." खरंच, वरच्या बाजूच्या सांध्यातून बारीक मुळ्यांचा झुपका लोंबत होता आणि त्यात गाळ अडकला होता. माती समजून नुसतं जेटिंग केलं असतं तर दोन महिन्यांत पुन्हा तुंबलं असतं. आता स्क्रीनसमोर मामाच बसतात, केबल मी ढकलतो.

मर्यादाही सांगतो. पाण्याखालचं दिसत नाही. अर्ध्या भरलेल्या लाईनीत तळाचा गाळ किती, याचा नुसता अंदाज. त्यामुळे वाहती लाईन असेल तर पहाटे तीन-चारला, पाणी कमी असताना काम करावं लागतं. आणि ३०० मिमीच्या वर हा कॅमेरा कमी पडतो. डोकं तळाशी लोळत राहतं, उजेड वरपर्यंत पोचत नाही. मोठ्या कामाला चाकांवर चालणारा क्रॉलर भाड्याने घेतो. एका ६०० मिमी आरसीसी लाईनीत त्याचं डोकं वर फिरवलं तेव्हा छताला, म्हणजे पाईपचा गोल घड्याळ धरला तर ११ ते १ या भागात, काँक्रीट झडून सळ्या उघड्या पडलेल्या दिसल्या. मैल्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचं ओलसर छतावर जिवाणूंमुळे सल्फ्युरिक ॲसिड होतं आणि ते काँक्रीट खातं. तळ मात्र ठणठणीत होता. वरून आरसा-टॉर्च लावून हे कधीच कळलं नसतं.

सॉफ्टवेअरबद्दल मन अजून द्विधा आहे. अमेरिकेतल्या नॅस्को या संस्थेच्या पीएसीपी पद्धतीत प्रत्येक दोषाला कोड, घड्याळाची जागा आणि १ ते ५ अशी श्रेणी देतात. शिकायला वेळ गेला, पण "पाईप खराब आहे" हे वाक्य आमच्या रिपोर्टमधून कायमचं गेलं. आता लिहितो: अमुक मीटर, ३ वाजता, तडा, श्रेणी २. सहा महिन्यांनी तीच लाईन बघितली की तडा वाढला का ते ताडून बघता येतं. त्रास मराठीचा. पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात, व्हिडिओवरच्या नावात चौकोन येतात. सोसायटीच्या कमिटीला इंग्रजी कोड कळत नाहीत, म्हणून शेवटचं पान मी हाताने मराठीत लिहून जोडतो. खरं तर कमिटी तेवढंच वाचते.

मॅनहोलसाठी लांब दांड्यावरचा झूमवाला कॅमेरा वेगळा घेतला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा. सुरक्षा साधनांशिवाय गटार साफ करायला माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी "साफ करायला नाही, फक्त बघायला" म्हणून माणूस उतरवायची सवय आमच्या धंद्यात होतीच, आमच्याकडेही होती. विषारी वायूला तो कशासाठी उतरलाय याने फरक पडत नाही. आता गंजलेल्या पायऱ्या, फुटलेलं बेंचिंग (तळाचं उतरतं काँक्रीट), भिंतीतून झिरपणारं पाणी, पाईपचं तोंड, सगळं वर उभं राहून दिसतं. गेल्या १४ महिन्यांत नुसतं बघण्यासाठी आमचा एकही माणूस आत गेलेला नाही.

डोक्यामागची स्प्रिंग बेंडमध्ये सारखी वाकून वाकून गेल्या आठवड्यात तुटली, केबलचा पहिला तुकडा बदलायला दिलाय. घेणाऱ्यांनी सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळते का हे आधी विचारावं, मेगापिक्सेल नंतर. दोन सोसायट्या खोळंबल्यात. त्यांना सांगितलंय, आठवडाभर थांबा, तोवर फरशीला हात लावू नका.