कॉमिकमधलं कॉमिकचं ऑफिस: ‘स्पार्की’ घ्यावं, ‘२००० एडी’ की ‘ओइंक!’?

जुनी ब्रिटिश कॉमिक्स जमवणाऱ्यांत एक वेगळी जमात असते. तिला हिरोपेक्षा हिरो काढणाऱ्यांच्या ऑफिसात डोकवायची जास्त हौस. तुम्ही त्यातले असाल आणि सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल, तर ही तीन नावं पाहा. तिन्हींतली ऑफिसं काल्पनिकच आहेत, पण प्रत्येकाची थाप वेगळी.

‘स्पार्की’ हे स्कॉटलंडमधल्या डंडी शहराच्या डी. सी. थॉमसन कंपनीचं साप्ताहिक, १९६५ ते १९७७. त्यातली ‘वी आर द स्पार्की पीपल’ ही चित्रमालिका म्हणजे ‘स्पार्की’ काढणाऱ्यांचाच रोजचा गोंधळ. संपादक म्हणजे नुसते ‘सर’, आणि बाकीच्यांची त्यांच्यापुढे तारांबळ. चित्रं जिम पेट्रींची. याच कंपनीच्या ‘बीनो’ कॉमिकमधली खोडकर मुलगी मिनी द मिंक्स चाळीस वर्षं काढणारे तेच. रेषेत दम आहे, हसूही येतं. पण या ऑफिसात पगार, हक्क असल्या गोष्टींचा वासही नाही. खरी कंपनी ब्रिटनमधल्या १९२६च्या सार्वत्रिक संपानंतर कामगार संघटनेला दारात उभं करत नव्हती. ‘बीनो’तल्याच ‘बॅश स्ट्रीट किड्स’ या चित्रमालिकेचे जनक लिओ बॅक्सेंडेल आपल्या पात्रांच्या हक्कांसाठी तिच्याशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि १९८७मध्ये तडजोड झाली. हे ठाऊक असलं की ‘सर’ जरा वेगळे दिसायला लागतात.

‘२००० एडी’ १९७७ची. इथला संपादक थार्ग हा हिरवा परग्रहवासी, खाणं प्लॅस्टिकचे कप. त्याच्या हाताखाली लेखक-चित्रकार नाहीत, रोबो आहेत. ते राबतात, कुरकुरतात, आणि फारच डोईजड झाले की थार्ग मेक-क्वेक नावाच्या दांडगट यंत्राला पाठवतो. पोरांसाठी हा विनोद. पण आतल्या माणसांनीच तो लिहिला-काढलाय, त्यामुळे बोचतो. तोवर ब्रिटिश साप्ताहिकांत बहुतेक चित्रकारांची नावंच छापत नसत. इथे कला विभागातल्या केविन ओनील यांनी पहिल्याच वर्षी पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट घुसवली: स्क्रिप्ट रोबो अमुक, आर्ट रोबो तमुक, लेटरिंग रोबो ढमुक. नाव छापलं, पण रोबोचा मुखवटा चढवून! तरी वाचकाला पहिल्यांदा कळलं की एका पानामागे निदान तीन वेगळे हात असतात आणि संवादाच्या फुग्यांतली अक्षरं काढणं हेही कुणाचं तरी पोटापाण्याचं काम आहे. कॉमिक कसं बनतं याचा इतका थेट धडा बाकी दोघांत नाही.

‘ओइंक!’ (१९८६ ते १९८८, एकूण ६८ अंक) हा निव्वळ चावटपणा. संपादक अंकल पिग हे डुक्कर, आणि त्यांच्या मागे हात धुऊन लागलेली मेरी लाइटहाउस म्हणजे टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांची टर. त्यामुळे इथे ऑफिसपेक्षा संपादक आणि सोवळ्या मंडळींची खडाजंगी जास्त. पुढे एका मोठ्या दुकानसाखळीने हे कॉमिक मोठ्यांच्या मासिकांत नेऊन ठेवलं, तेव्हा अंकल पिगना आयताच विषय मिळाला असणार.

माझा कौल ‘२००० एडी’ला, पण डोळे झाकून नाही. थार्गची गोष्ट दर अंकात नसते, म्हणून विक्रेत्याकडून आतल्या पानांचे फोटो मागवा. मुखपृष्ठावर जाऊ नका. ‘स्पार्की’ घेणार असाल तर सत्तरच्या दशकातलेच अंक बघा आणि एकेकटा घेण्याऐवजी गठ्ठ्याने घ्या, नाहीतर टपालखर्चच अंगावर येतो. कागद वृत्तपत्री आहे, घडीवर फाटतो. पिन गंजलेली असेल तर ती ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. घरात बारा-तेरा वर्षांचं पोर असेल आणि अंक त्याच्याही हाती जाणार असतील, तर ‘ओइंक!’ आधी मागवा. थार्ग तुमच्यासाठी नंतर येऊ दे.